थाळीफेक: मोठ्या स्पर्धेत हाती असलेल्या तीन फेकी

पुरुषांच्या थाळीफेकीचा विश्वविक्रम ७५.५६ मीटरचा आहे. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं तो १३ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रमोना इथे नोंदवला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा विक्रम मात्र ७१.४६ मीटर आहे आणि तो स्वीडनच्या डॅनियल स्तोलच्या नावावर, बुडापेस्ट २०२३ मधला. चार मीटरहून मोठं हे अंतर ताकदीनं पडलेलं नाही. रमोनाला उघड्या मैदानावर थाळीला उचलून धरणारा वारा मिळतो. स्टेडियममध्ये तो प्रेक्षागृहाच्या भिंतींना अडतो. शिवाय पात्रता फेरीत तीनच फेकी मिळतात, दोन फेकींच्या मध्ये बराच वेळ बसून काढावा लागतो आणि हातातली थाळी बहुधा आयोजकांची असते. सरावात ६३ मीटर टाकणारा खेळाडू अशा ठिकाणी ५८ वर अडकतो किंवा तीन फाऊल करून परततो, तेव्हा कारण सहसा यांपैकीच एखादं निघतं. तंत्र आधीच बसलेलं आहे असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूचं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटून वाचावी.

थाळी आणि बूट

पुरुषांची थाळी कमीत कमी २ किलोची. व्यास २१९ ते २२१ मिलिमीटर, मधली जाडी ४४ ते ४६ मिलिमीटर. वीस वर्षांखालच्या मुलांची थाळी १.७५ किलोची आणि अठरा वर्षांखालच्यांची १.५ किलोची असते. स्वतःची थाळी वापरायची असेल तर आधी त्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचा. परवानगी असलीच तर साधारणपणे एका खेळाडूला दोनच थाळ्या तपासणीला देता येतात, त्या मान्यताप्राप्त असाव्या लागतात, आणि आयोजकांच्या यादीत तेच मॉडेल असेल तर तुमची थाळी घेतली जात नाही. तपासणीतून पास झालेली थाळी स्पर्धा संपेपर्यंत सगळ्यांसाठी खुली असते, हेही ध्यानात ठेवा. म्हणजे तुमच्या थाळीनं प्रतिस्पर्धी फेकू शकतो.

तपासणीत थाळी नाकारली जाते ती बहुतेक वेळा वजनामुळे किंवा कडेमुळे. सिमेंटवर किंवा फेकीच्या वर्तुळाभोवतीच्या संरक्षक जाळीच्या खांबावर आपटून कडेला खाच पडते, धातू उचलला जातो. खडबडीत कडा चालत नाही. वर्षभर सरावात वापरलेली थाळी स्पर्धेला नेऊ नका. स्पर्धेची थाळी वेगळी ठेवा आणि निघण्यापूर्वी अचूक काट्यावर तोलून घ्या. झीज होऊन दोन-चार ग्रॅम कमी भरले तरी ती बाद होते.

कोणती थाळी निवडावी? ज्या थाळीचं जास्त वजन कडेत असतं ती हवेत जास्त वेळ स्थिर राहते, पण तिला गरगर फिरवायला बोटांत आणि हाताच्या वेगात तेवढा दम लागतो. ५५ मीटरच्या आतबाहेर फेकणाऱ्यानं विश्वविजेत्याची थाळी घेतली तर ती हातातून डगमगत निघते आणि अंतर उलट घटतं. सुटताना थाळी थरथरताना दिसली की कडेत कमी वजन असलेली घ्या. आयोजकांच्या यादीतली मॉडेलं आधी कळतात. त्यातली दोन निवडून निदान सहा आठवडे त्यांच्यावरच सराव करा.

बुटाच्या तळव्याची जाडी आता २० मिलिमीटरपर्यंतच चालते. दोन जोड न्या: एक गुळगुळीत तळव्याचा, दुसरा थोडा पकड देणारा. कारण वर्तुळाचं काँक्रीट सगळीकडे सारखं नसतं. काही ठिकाणी ते काचेसारखं घोटलेलं असतं, काही ठिकाणी इतकं खरखरीत की चवडा वळतच नाही. बुटाच्या तळव्यावर किंवा वर्तुळात काहीही फवारायला मनाई आहे. हाताला आणि थाळीला चॉक लावता येतो, मात्र तो ओल्या फडक्यानं पूर्ण निघायला हवा. बोटांना पट्टी लावायची तर दोन बोटं एकत्र बांधू नका. लावलेली पट्टी स्पर्धा सुरू होण्याआधीच मुख्य पंचांना दाखवा.

मैदानात शिरण्यापूर्वी

बाहेरच्या सराव मैदानावर अंग गरम होतं, मग कॉल रूममध्ये ते पुन्हा थंड होतं. नवख्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. कॉल रूममध्ये क्रमांक, बूट आणि बॅग तपासतात, मोबाईल आणि हेडफोन काढून घेतात, आणि मग अर्धा-पाऊण तास एका जागी बसवतात. म्हणून सराव मैदानावर सगळी ताकद ओतू नका. उभ्यानं तीन-चार फेकी, पूर्ण फिरकीच्या चार-पाच, त्यातली एकच नव्वद टक्के जोरानं. एवढं पुरे. पंधरा फेकी टाकून आलेला खेळाडू तिसऱ्या फेरीपर्यंत पायांतून रिकामा झालेला असतो.

कॉल रूममध्ये बसल्या बसल्या करता येईल असं काही ठरवून ठेवा: दर पाच मिनिटांनी उठून दहा बैठका, भिंतीला तळवा टेकवून छाती ताणणं, रबरी पट्ट्यानं खांदे फिरवणं. अंगावरचे गरम कपडे शेवटच्या मिनिटापर्यंत काढू नका.

मैदानावर नेल्यावर सरावाच्या फेकी मिळतात, बहुधा दोन, त्याही ठरलेल्या क्रमानं. या दोन फेकी अंतरासाठी नाहीत. पहिल्या फेकीत फक्त पायाखालची जमीन जोखा: मागच्या बाजूला डावा चवडा किती सहज वळतो, मधे उजवा पाय टेकल्यावर घसरतो का अडतो. दुसरीत दिशा पाहा. स्पर्धा एकदा सुरू झाली की थाळी घेऊन सराव करता येत नाही.

आपली एक खूण ठेवायला परवानगी आहे. ती वर्तुळाच्या लगत मागे किंवा बाजूला, फक्त आपल्या फेकीपुरती ठेवायची. बहुतेक जण ती ठेवतच नाहीत. पण अनोळखी स्टेडियममध्ये सरळ रेषा कुठे आहे हे पाठमोरं उभं राहून चटकन कळत नाही, तेव्हा तिचा उपयोग होतो. सेक्टरच्या, म्हणजे थाळी जिथे पडायला हवी त्या आखलेल्या भागाच्या, बरोबर मध्याच्या उलट दिशेला ती ठेवली की पाठ नेमकी कुठे करायची हे दर वेळी शोधावं लागत नाही.

पात्रता फेरी: पहिली फेक वैध हवी

दोन गटांत मिळून तीसेक खेळाडू, प्रत्येकाला तीन फेकी. ठरवून दिलेलं अंतर गाठलं की थेट अंतिम फेरी. अलीकडच्या जागतिक स्पर्धांत हे अंतर ६६ मीटरच्या आसपास असतं. ते बारा जणांनी गाठलं नाही तर उरलेल्या जागा सर्वोत्तम फेकींवरून भरतात. बाराव्या क्रमांकाची फेक बहुतेक वेळा ६२ ते ६४ मीटरच्या दरम्यान पडते. याचा साधा अर्थ असा की ज्याची वैयक्तिक सर्वोत्तम फेक ६५ आहे त्याला तिथे विक्रम करायची गरजच नसते. आपल्या नेहमीच्या फेकीपेक्षा मीटर-दीड मीटर कमी पडलं तरी त्याचं काम होऊ शकतं. तरीही पहिल्याच फेकीला जिवाच्या आकांतानं फिरून जाळीत थाळी मारणारे प्रत्येक स्पर्धेत दिसतात.

पहिली फेक अशी टाका: जोर नव्वद-ब्याण्णव टक्के, मागच्या बाजूची सुरुवात मुद्दाम सावकाश, शेवट पूर्ण वेगात. शेवटी पायांची अदलाबदल न करता दोन्ही पाय जमिनीवर ठेवून फेकता येत असेल तर पहिल्या फेकीला तसंच करा. एक-दोन मीटर जातील, पण वर्तुळाच्या पुढच्या कड्यावरून बाहेर जाण्याची भीती जवळपास उरत नाही. पत्रकावर अंतर लागलं की उरलेल्या दोन फेकी मोकळेपणानं टाकता येतात.

नाव पुकारून घड्याळ सुरू झालं की एक मिनिट असतं. शेवटची पंधरा सेकंदं उरली की पिवळा झेंडा वर जातो. एक मिनिट पुष्कळ असतं, पण टॉवेल शोधण्यात आणि थाळी बदलण्यात ते संपतं. आधीचा खेळाडू वर्तुळात शिरला की तुमची थाळी हातात आणि हात कोरडे असले पाहिजेत. फिरकी सुरू केल्यावर काही चुकतंय असं वाटलं आणि तोवर नियम मोडलेला नसेल, तर थांबून, थाळी खाली ठेवून, मागच्या बाजूनं बाहेर येऊन त्याच मिनिटात पुन्हा सुरुवात करता येते. हा हक्क फार कमी जण वापरतात. बिघडलेली फेक रेटून पूर्ण करण्यापेक्षा थांबणं केव्हाही बरं.

फाऊल कुठे होतो आणि का

उजव्या जाळीत किंवा सेक्टरच्या उजव्या रेषेबाहेर जाणारी थाळी लवकर सुटलेली असते. मोठ्या स्पर्धेत त्याचं मूळ बहुतेक वेळा हातात नसून वर्तुळाच्या मागच्या भागात असतं. उत्तेजित झालेला खेळाडू पहिलं वळण घाईनं घेतो, खांदे पायांच्या पुढे जातात आणि थाळी मागे ओढली जाण्याऐवजी कमरेबरोबरच येते. मग डावा पाय उशिरा टेकतो आणि त्याची वाट न बघता हात निघून जातो. उपाय हातावर नको. डावा गुडघा आणि डावा चवडा आधी वळू द्या, डावा हात लांब आणि स्थिर ठेवा, उजवा खांदा मागे राहू द्या. प्रशिक्षकानं कठड्यावरून एकच शब्द ओरडायचा असेल तर तो ‘हळू’ असावा.

थाळी डावीकडे जात असेल तर ती उशिरा सुटते आहे. डावा पाय फार डावीकडे पडला की शरीराला अडवणारा खुंट उरत नाही, खेळाडू फिरतच राहतो आणि थाळी ओढली जाते. याच चुकीनं पुढचं कडंही ओलांडलं जातं.

नियमाच्या बाजूनं काही गोष्टी पाठ असायला हव्यात. कड्याच्या आतल्या बाजूला पाय लागला तर चालतो, कड्याच्या वरच्या पृष्ठभागाला किंवा बाहेरच्या जमिनीला लागला तर फाऊल. वर्तुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना, त्याच्या मध्याच्या रेषेत आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या पूर्ण मागे, पहिल्या वळणात, जोर न घेता झालेला स्पर्श मात्र माफ आहे. थाळी जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळ सोडायचं नाही, आणि सोडताना पहिलं पाऊल पांढऱ्या रेषेच्या मागेच पडायला हवं. चांगली फेक पडली म्हणून आनंदानं पुढून बाहेर पडणाऱ्याची फेक बाद होते. सेक्टरच्या रेषेला थाळीचा पहिला स्पर्श झाला तरी लाल झेंडा, म्हणजे फेक बाद. उजव्या बाजूच्या जाळीला घासून आत पडलेली फेक मात्र, बाकी काही मोडलं नसेल तर, वैध असते. डाव्या बाजूच्या जाळीला लागली तर फाऊल.

वारा

थाळीफेकीत वाऱ्याचा वेग मोजून फेक बाद करत नाहीत. त्यामुळे वारा ओळखणं हे कौशल्यच आहे. समोरून, किंचित उजवीकडून येणारा वारा सर्वांत चांगला, कारण त्यानं थाळीखाली हवेचा आधार वाढतो. असा वारा असला की थाळी नेहमीपेक्षा खालच्या कोनात सोडा आणि तिचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचलू देऊ नका. नाक वर गेलं की तीच हवा थाळीला भिंतीसारखी अडवते, थाळी उंच चढते आणि जागच्या जागी कोसळते. मागून वारा असेल तर थोडं उंच फेका.

उजव्या हातातून सुटलेली थाळी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. उड्डाणाच्या शेवटी तिची डावी कड खाली झुकते आणि ती डावीकडे वळते. डावीकडून वारा असेल तर तो या झुकलेल्या थाळीच्या पाठीवर आदळून तिला आणखी लवकर खाली पाडतो. अशा वेळी सुटताना उजवी कड जराशी खाली ठेवायची, म्हणजे ती उशिरा उलटते.

स्टेडियमच्या छतावरचे झेंडे बघून फसू नका. वर एक वारा असतो, मैदानात भिंतींवरून वळून आलेला दुसराच. सेक्टरजवळचं वातकुक्कुट किंवा फीत पाहा, आणि त्याहून उत्तम म्हणजे आपल्याआधीच्या चार फेकी उड्डाणाच्या शेवटी काय करतात ते बघा.

पाऊस

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीच्या वेळी पाऊस कोसळला, वर्तुळ चिंब झालं, स्पर्धा थांबवावी लागली. त्या ओल्या वर्तुळातून शेवटच्या फेरीत ७०.४७ मीटर फेकून स्तोलनं सुवर्ण घेतलं. अलेक्ना ६७.८४ वर दुसरा आणि सामोआचा अ‍ॅलेक्स रोझ ६६.९६ वर तिसरा. ओल्यातही दूर फेकता येतं, हे तिथे दिसलं, पण त्यासाठी तयारी लागते.

किमान चार टॉवेल, त्यांतले दोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. एक हातासाठी, एक थाळीसाठी, एक बुटाच्या तळव्यासाठी. यांची अदलाबदल करू नका. चॉक भिजला की त्याचा चिखल होतो आणि तो पकड उलट कमी करतो, म्हणून आधी हात कोरडे करा, मग अगदी थोडा लावा. वर्तुळात पाणी साचलं असेल तर ते काढायला पंचांना सांगा. घड्याळ सुरू होण्याआधी सांगा. बोटांची पहिली पेरं कडेवर जरा जास्त घ्या. मागची पहिली फिरकी उथळ आणि सावकाश, झेप छोटी, उजवा पाय वर्तुळाच्या मध्याच्या किंचित अलीकडे सपाट टेकवा. शेवटी पायांची अदलाबदल टाळा.

महाराष्ट्रातल्या खेळाडूंना याचा सराव करायला जून ते सप्टेंबर असे चार महिने मिळतात. पाऊस आला की सराव बंद करून जिममध्ये जाण्याची पद्धत सोडून द्यावी. आठवड्यातून एकदा ओल्या वर्तुळातून दहा फेकी, कमी जोरानं, मुद्दाम टाकाव्यात. वीज चमकत असेल तर मात्र मैदान ताबडतोब सोडायचं, कारण लोखंडी जाळीशेजारी उभं राहण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

अंतिम फेरी

बारा जण, तीन फेऱ्या. मग पहिल्या आठांना आणखी तीन. काही स्पर्धांत चौथ्या-पाचव्या फेरीनंतरही छाटणी करतात, ते नियमपत्रकात पाहून ठेवा. तिसऱ्या फेरीनंतर क्रम उलटतो: आठवा आधी, पहिला शेवटी. बुडापेस्टमध्ये शेवटच्या फेरीत स्लोव्हेनियाच्या क्रिस्त्यान चेहनं ७०.०२ मीटर फेकून आघाडी घेतली, आणि त्याच्यानंतर फेकायला उभा असलेल्या स्तोलनं ७१.४६ मीटरनं उत्तर दिलं. शेवटी फेकायचा हक्क पहिल्या तीन फेऱ्यांत कमवावा लागतो. म्हणून अंतिम फेरीत पहिली फेक सुरक्षित, दुसरी आणि तिसरी पूर्ण ताकदीची, असा हिशेब ठेवा. मोठी फेक सहाव्या फेरीसाठी राखून ठेवायची कल्पना फसवी आहे. तिथवर पोहोचलं तरच ती उपयोगाची.

अंतरं किती बारीक असतात हेही माहीत असू द्या. लंडनच्या २०१७ च्या जागतिक स्पर्धेत लिथुआनियाच्या आंद्रियस गुजियसनं ६९.२१ वर सुवर्ण घेतलं, स्तोल ६९.१९ वर राहिला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये जमैकाचा रोजे स्टोना ७०.०० आणि अलेक्ना ६९.९७. बरोबरी झाली तर दुसरी सर्वोत्तम फेक बघतात. त्यामुळे आघाडीवर असतानाही उरलेल्या फेकी सोडून देऊ नयेत.

बारा जण असताना दोन फेकींत बारा ते पंधरा मिनिटं जातात, आठ उरल्यावर आठ-दहा. फेक झाल्यावर लगेच गरम कपडे, दोन घोट पाणी, कठड्याशी जाऊन प्रशिक्षकाशी बोलणं. प्रशिक्षकानं बाहेर घेतलेलं चित्रण बघता येतं, मात्र फोन हातात घेऊन मैदानात येता येत नाही. बोलणं एका दुरुस्तीपुरतं ठेवा. मग आपल्याआधी तीन खेळाडू उरले की उठून दोन-तीन मोकळ्या फिरक्या, थाळीशिवाय.

घरच्या मैदानावर स्पर्धा उभी करणं

सेक्टर आखायला कोनमापक लागत नाही. वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरवर दोन बिंदू असे घ्या की त्यांच्यातलं अंतर बरोबर १२ मीटर असेल. मध्याला ते जोडले की ३४.९२ अंशांचा सेक्टर तयार. त्याच हिशेबानं ६५ मीटरवर तो ३९ मीटर रुंद होतो, आणि फेक मध्याच्या दिशेनं मोजत असल्यामुळे कडेला पडल्यानं अंतर कमी होत नाही. वर्तुळाचा आतला व्यास २.५० मीटर, काँक्रीट कड्याच्या वरच्या कडेपासून साधारण २० मिलिमीटर खाली. जाळीचं तोंड ६ मीटर रुंद, मध्यापासून ७ मीटर पुढे, उंची ४ मीटरपेक्षा कमी नको. अशी जाळी नसलेल्या मैदानावर पूर्ण फिरकीनं फेकू नका आणि सेक्टरच्या आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका.

स्पर्धेच्या आधीच्या पाच आठवड्यांत आठवड्यातून एक दिवस असा ठेवा: अंग गरम करून चाळीस मिनिटं खुर्चीत बसायचं, मग दोन सराव फेकी, मग घड्याळ लावून तीनच फेकी, प्रत्येकीच्या मध्ये पंधरा मिनिटं. फाऊल झाला तर झाला, चौथी फेक नाही. तीन फेकींतली सर्वोत्तम लिहून ठेवा. पाच आठवड्यांचे हे आकडेच तुमची स्पर्धेतली खरी पातळी सांगतात, वहीतली सर्वोत्तम फेक नव्हे.

लाल झेंडा चुकीचा वाटला तर

वर्तुळाबाहेर येता येता, तिथल्या तिथे तोंडी हरकत घ्या आणि फेक मोजून ठेवायची विनंती करा. ती मोजायची की नाही हे रेफरी ठरवतात. थाळीची खूण मैदानातून पुसली गेल्यावर मोजायला काही उरत नाही, म्हणून आधी प्रशिक्षकाला शोधायला जाऊ नका. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत पुढची हरकत नोंदवायची असते, ते काम संघाच्या व्यवस्थापकाकडे सोपवा. उत्तेजक चाचणीला बोलावलं तर बंद बाटलीतलंच पाणी प्या. आणि तपासणीला दिलेली स्वतःची थाळी तांत्रिक कक्षातून पावती दाखवून त्याच दिवशी परत घ्या.